स्वाक्षरी की प्रश्न?

प्रतिभावंतांपासून प्रेरणा घ्या, असा उपदेश आपण मुलांना नित्य करतो. परंतु प्रेरणा घेणे म्हणजे नेमके काय घेणे, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

आमच्या चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आज पाळीवर जाणारे अनेक आईबाप दूरदर्शनच्या काळात वाढले. संच पुष्कळदा शेजारच्या घरी असे. जे दिसे ते सारे मिळून पाहत. त्या पडद्याने त्यांना नटनट्या दाखविल्या, तसे शास्त्रज्ञही दाखविले. १९९० च्या दशकात ‘टर्निंग पॉइंट’ या विज्ञानमालिकेत प्रा. यशपाल प्रेक्षकांच्या शंकांचे निरसन करीत. विश्वाची कहाणी सांगणारे डॉ. जयंत नारळीकरही घरोघरी परिचित झाले.

शाळकरी मुले नारळीकरांभोवती स्वाक्षरीसाठी गर्दी करीत. ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तर देईन आणि त्याखाली सही करीन. या साध्या अटीत आम्हांला एक मोठा नैतिक विचार दिसतो.

स्वाक्षरी जपण्यात गैर काही नाही. आदर हा सद्गुणच आहे. तथापि नुसती स्वाक्षरी घेणारा मनुष्य होता तेथेच राहतो. मोठेपण त्या दुसऱ्याचे, आपण केवळ त्याचे साक्षीदार. प्रश्न लिहावयाचा तर मात्र स्वतः विचार करावा लागतो. आदराचे रूपांतर श्रमात होते, तेव्हाच त्याला प्रेरणा म्हणता येईल.

कोणी म्हणेल, मुलांना यशस्वी माणसांचेच आदर्श हवेत. मग नारळीकरांचेच उदाहरण पाहा. फ्रेड हॉयल यांच्यासह त्यांनी महास्फोटाच्या सिद्धान्ताला पर्याय मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. तरीही त्यांनी शंका घेण्याचे सोडले नाही. सोबत ते मराठीत विज्ञानकथा लिहीत राहिले आणि १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ ही संस्था उभारली. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. त्यांचे प्रत्येक मत खरे ठरावे, ही त्यांच्यापासून प्रेरणा घेण्याची अट नव्हती. जी प्रेरणा केवळ यशावर उभी असते, ती आदर्शाच्या पहिल्या अपयशाबरोबर कोसळते. ज्याने स्वतःचा प्रश्न शोधला, त्याचा प्रश्न मात्र त्याच्यापाशीच राहतो.

आज पडदा प्रत्येकाच्या हातात आहे आणि आवडत्या व्यक्तीसोबतचे छायाचित्र हीच नवी स्वाक्षरी झाली आहे. मुलांवर रागावून उपयोग नाही. ‘तुला कोण आवडते?’ एवढेच विचारून आपण थांबू नये. ‘त्यांना पाहून तुला काय विचारावेसे वाटते, काय करून पाहावेसे वाटते?’ हेही विचारावे. उत्तर लगेच येणार नाही. कारखान्यातून दमून आलेल्या बापाला तेवढी वाट पाहणे जड जाईल, हे आम्ही जाणतो. तरी ती वाट पाहावी, एवढीच आमची विनंती आहे.