धोंड कोणी सरकवायची?

उपवासकाळातील पाचवा रविवार



आजच्या शुभवर्तमानात संत योहान आपल्याला बेथानी गावी, लाजरसच्या कबरीपाशी घेऊन जातो. चार दिवसांपूर्वी पुरलेला माणूस येशूच्या शब्दाने जिवंत झाला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु त्या कबरीपाशी प्रभूने तीन आज्ञा दिल्या आणि त्या तिन्ही एकालाच दिलेल्या नाहीत, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. पहिली आज्ञा जमलेल्या लोकांना होती: कबरीच्या तोंडावरची धोंड बाजूला करण्याची. दुसरी लाजरसला: बाहेर येण्याची. तिसरी पुन्हा लोकांना: त्याच्या अंगावरच्या पट्ट्या सोडून त्याला जाऊ देण्याची.

ज्याची मृत्यूवर सत्ता चालते त्याला एक धोंड सरकवणे जड होते काय? तरीही ते काम त्याने शेजाऱ्यांवर सोपवले. जीवन देणे हे देवाचे काम. त्याच्या आधीचे आणि नंतरचे काम मात्र गावाचे.

हे आज सांगण्यास कारण आहे. आपल्या भागातील एका व्यसनमुक्ती केंद्राने धर्मग्रामाकडे स्वयंसेवकांची मागणी केली आहे. पॅरिश कौन्सिलच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा एकाने सरळ प्रश्न विचारला: "फादर, दारू सोडायची ती ज्याने त्याने मनावर घेऊन सोडायची. आपण तिथे जाऊन करणार काय?" प्रश्न प्रामाणिक आहे. अनेकांच्या मनात तोच असेल. म्हणून आजच्या शुभवर्तमानाच्या आधारे त्याचे उत्तर शोधू या.

धोंड

भारत सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स' या संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. दारूमुळे ज्यांना मदतीची गरज आहे अशा लोकांची संख्या त्यात ५ कोटी ७० लाखांच्या आसपास दिली आहे. त्याच अहवालाप्रमाणे दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कसला ना कसला उपचार मिळतो. बाकीचे ३७ कुठे आहेत? ते घरात आहेत, बंद दाराआड आहेत. त्या दाराला लावलेल्या धोंडेचे नाव आहे लाज.

आपल्या धर्मग्रामातही हे घडते. नवऱ्याला मलेरिया झाला आहे, असे बायको त्याच्या कंपनीत फोन करून सांगते. रविवारी ती मिस्साला एकटी येते. काही महिन्यांनी ती मागच्या बाकावर बसू लागते. पुढे तीही दिसेनाशी होते. मुले धर्मशिक्षणाच्या वर्गाला यायची थांबतात. आपण म्हणतो, "त्या घराची श्रद्धा कमी झाली." श्रद्धा कमी झालेली नसते; लोकांच्या नजरा सोसवत नसतात.

धोंड काढायला सांगितली तेव्हा मार्थाने हरकत घेतली. चार दिवस झाले आहेत, आता दुर्गंधी येईल, असे तिचे म्हणणे. मार्था व्यवहारी बाई होती, तिचे काही चुकले नव्हते. दुर्गंधी असतेच. व्यसनी माणसाच्या घरात कर्ज असते, खोटे बोलणे असते, कधी मारहाण असते. ज्याला हे काम करायचे आहे त्याने नाकाला रुमाल लावून चालणार नाही.

अमेरिकेतील अॅक्रन शहरात सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया नावाच्या एक धर्मभगिनी रुग्णांना दाखल करून घेण्याचे काम पाहत. त्या काळी रुग्णालये दारुड्यांना खाट देत नसत. १९३९ साली डॉ. बॉब स्मिथ यांच्या विनंतीवरून सिस्टरांनी अशा एका रुग्णाला पोटाच्या आजाराच्या नावाखाली दाखल करून घेतले. त्याला ठेवायचे कुठे? रुग्णालयात फुले नीट करून ठेवण्याची एक लहानशी खोली होती. त्याची खाट तिथे टाकली गेली. सिस्टर प्रकृतीने नाजूक होत्या आणि पूर्वी संगीत शिकवत. व्यसनमुक्तीचे शास्त्र काही त्यांनी शिकलेले नव्हते. त्यांनी फक्त एक दार उघडले. पुढे त्या दारातून हजारो माणसे आत आली आणि बरी होऊन बाहेर पडली.

हाक

दुसरी आज्ञा मात्र आपल्या हातची नाही. लाजरसला हाक मारली ती ख्रिस्ताने, आणि उठून चालला तो लाजरस. मार्था व मारिया या सख्ख्या बहिणी असूनही त्या त्याला ओढून बाहेर काढू शकल्या नसत्या.

"मनावर घेतले की झाले" असे आपण म्हणतो, परंतु मन इतके सोपे असते काय? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक जुना वाद आमच्यापुढे यायचा. चांगले काय हे कळले की माणूस वाईट करणार नाही, असे सॉक्रेटिसचे मत. अॅरिस्टॉटलला ते पटले नाही. कळते पण वळत नाही, अशी माणसे त्याने पाहिली होती. संत पौलही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हेच दुखणे स्वतःचे म्हणून मांडतो: जे चांगले करायचे ते हातून होत नाही आणि नको असलेले मात्र घडते. संत ऑगस्टीनने 'कन्फेशन्स' या ग्रंथात त्याचे कारण उलगडले. वाकड्या इच्छेतून वासना, वासना पुरवता पुरवता सवय, आणि सवयीला आवर घातला नाही की तिची गरज बनते. अशी कडीत कडी अडकून साखळी होते, आणि ती साखळी माणसाने स्वतःच घडवलेली असली तरी त्याला एकट्याने ती तोडता येत नाही.

आज वैद्यकशास्त्र व्यसनाधीनतेला आजार मानते. आपली कॅथलिक धर्मशिकवणही (क्रमांक १७३५) सांगते की सवय, भीती, अज्ञान अशा गोष्टींमुळे माणसाच्या कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते. जबाबदारी कमी होऊ शकते, कधी नाहीशीही होऊ शकते; परंतु प्रत्येक वेळी ती नाहीशी होतेच असे नाही. म्हणून त्याला पापी म्हणून झिडकारायचे नाही, आणि "बिचारा आजारी आहे" म्हणून त्याचे खोटे पाठीशीही घालायचे नाही.

येथे दोन गोष्टी कळकळीने सांगतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार होतात आणि जिवावरही बेतू शकते. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे. आणि रुग्णाच्या नकळत चहात किंवा जेवणात मिसळायच्या औषधांच्या जाहिरातींना भुलू नका. त्यातील काही गोळ्यांवर दारू पोटात गेली तर त्रास भयंकर होतो. शिवाय फसवून कोणाला कबरीबाहेर काढता येत नाही.

पट्ट्या

लाजरस बाहेर आला तेव्हा जिवंत होता, परंतु त्याचे हातपाय बांधलेले होते, तोंडाला रुमाल गुंडाळलेला होता. केंद्रातून घरी परतणारा माणूस अगदी असाच असतो. दारू सुटलेली असते. पण नोकरी गेलेली, उधारी राहिलेली, बायकोचा विश्वास उडालेला, मुले दुरून बघणारी. आणि आपण काय करतो? "किती दिवस टिकतो बघू," असे नाक्यावर म्हणतो. बाप्तिस्म्याच्या पार्टीत त्याच्या हातात ग्लास देऊन आग्रह करतो, "एक पेग घे रे, एकाने काय होते?" प्रभू ज्याच्या पट्ट्या सोडायला सांगतो त्याला आपण पुन्हा गुंडाळतो.

या पट्ट्या सोडण्यात सर्वांत कुशल कोण, हे इतिहासाने दाखवले आहे. १९३५ साली बिल विल्सन नावाचा गृहस्थ व्यवसायासाठी अॅक्रनला आला होता. दारू सोडून त्याला काहीच महिने झाले होते. काम फसले आणि हॉटेलातला बार त्याला खुणावू लागला. त्याने फोन उचलला आणि आपल्यासारखाच दुसरा दारुडा भेटेल का, याची चौकशी चालवली. असा त्याला डॉ. बॉब भेटला. दोघांच्या त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे ए. ए. ही चळवळ जन्मली. दुसऱ्याच्या पट्ट्या सोडताना स्वतःच्याही सुटतात, हे त्यांना कळले. आपल्या मुंबई महाधर्मप्रांतातील फादर जो परेरा स्वतः ए. ए.च्या मदतीने दारूतून बाहेर आले आणि १९८१ साली त्यांनी बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' उभारले. तेथेही व्यसनातून बाहेर आलेलेच अनेकजण आज नव्याने येणाऱ्यांना सांभाळतात.

मग ज्याने कधी दारूला स्पर्श केला नाही त्याचे तिथे काय काम? पुष्कळ आहे. सिस्टर इग्नेशियाही पीत नव्हत्या. त्यांच्या वॉर्डातून घरी जाणाऱ्या प्रत्येकाला त्या येशूच्या पवित्र हृदयाचा एक बिल्ला देत आणि एक वचन घेत: पुन्हा प्यावेसे वाटले तर आधी हा बिल्ला मला परत आणून दे, मग पी. बिल्ला परत करायचा म्हणजे कोणाच्या तरी डोळ्यांत बघायचे. आपली कोणीतरी वाट बघत आहे, ही जाणीव त्या माणसाला जपत असे.

आपल्याकडून काय हवे आहे?

केंद्राला चार प्रकारचे हात हवे आहेत. आठवड्यातून दोन तास रुग्णांसोबत बसून ऐकणारे. त्यांच्या पत्नींना व आयांना भेटणाऱ्या भगिनी. मुलांचा अभ्यास घेणारे तरुण. आणि बरे झालेल्याला काम मिळवून देऊ शकतील असे दुकानदार व बागायतदार.

नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. तिथे ऐकलेले तिथेच ठेवायचे. घरी नवऱ्याला किंवा बायकोलाही सांगायचे नाही. भेटीला दोघांनी मिळून जायचे. रोख पैसे हातात द्यायचे नाहीत. उपदेश करायचा नाही. तो त्याने आपल्यापेक्षा जास्त ऐकलेला असतो. पुन्हा घसरला तर धक्का बसू द्यायचा नाही. असे बऱ्याचदा होते, आणि पट्ट्या एका झटक्यात सुटत नाहीत. जेवढे जमेल तेवढेच कबूल करायचे आणि कबूल केले की चुकवायचे नाही. आजवर अनेकांनी शब्द मोडलेल्या त्या घरात तुमचे ठरल्या वेळी येणे हाच मोठा उपदेश.

ज्यांना जाणे शक्य नाही त्यांनीही एक करावे. आपल्या घरच्या पुढच्या समारंभात सरबताचा ग्लास दारूच्या ग्लासाइतक्याच मानाने पुढे करावा आणि कोणालाही आग्रह करू नये.

ज्यांच्या घरात हे दुःख आहे त्यांना सांगतो, माझ्या दाराशी या, कोणत्याही वेळी या. फोनवर बोलणे सोपे वाटत असेल तर सरकारचा १४४४६ हा मोफत क्रमांक आहे. स्वयंसेवक म्हणून येऊ इच्छिणाऱ्यांनी मिस्सानंतर पॅरिश ऑफिसात नाव द्यावे.

पवित्र सप्ताहातील सोमवारी आपण पुन्हा बेथानीचे शुभवर्तमान ऐकू. मार्था वाढते आहे आणि लाजरस येशूच्या पंक्तीला बसला आहे. योहान त्याच्या तोंडी एक शब्दही घालत नाही. काल कबरीत असलेला माणूस आज सर्वांसोबत जेवतो आहे, इतकेच दिसते. आपल्या धर्मग्रामातील किती जागा अशा रिकाम्या आहेत, हे आपल्याला ठाऊक आहे.

प्रभू येशू, तू लाजरससाठी अश्रू ढाळलेस. तुझी हाक ऐकू येईल इतकी धोंड आम्हांला सरकवू दे, आणि बाहेर येणाऱ्याच्या पट्ट्या सोडताना आमचे हात हळुवार असू दे. आमेन.

प्रभूमध्ये तुमचा,
प्रमुख धर्मगुरू