आडव्या बाटलीचे मत

महाराष्ट्रात दारूच्या परवानाधारक दुकानाविरुद्ध स्त्रिया गुप्त मतदान करतात, तेव्हा मतपत्रिकेवर उमेदवारांऐवजी एक उभी व एक आडवी अशा दोन बाटल्यांची चित्रे असतात. आणि मतदार यादीतील निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरच दुकान बंद करण्याचा हुकूम निघू शकतो. रोजंदारी बुडेल म्हणून, किंवा नवऱ्याच्या धाकाने, जी घरीच राहते, तिची अनुपस्थिती उभ्या बाटलीच्याच पथ्यावर पडते, म्हणून ही अट मला अन्यायाची वाटते. शिवाय दुकानाला कुलूप लागले, तरी जडलेले व्यसन सुटत नाही. दीर्घकाळ पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडल्यास हात कापतात, क्वचित भ्रम होऊन प्राणावरही बेतते, म्हणून त्याला वैद्यकीय देखरेखीखाली औषधोपचार मिळायला हवेत. व्यसनींच्या उपचारांसाठी पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. तसे उपचार प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिळाले पाहिजेत.