एजियसची बाजू

"बाबा, तू चिडतोस तेव्हा बोलण्याआधी चष्मा का काढतोस?"

गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लेकीने हा प्रश्न विचारला. मी काही चिडलेला नव्हतो. पण उत्तर द्यायला म्हणून हात वर गेला तो थेट चष्म्याकडेच. तिने शेजारच्या वहीत काहीतरी टिपून घेतलं. मग बायको हसली आणि मला कळलं की आपल्या घरात गेले काही दिवस आपल्यावर पाळत ठेवली जात आहे.

झालं होतं असं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रवेशासाठी हायस्कूलमध्ये एक वर्ष कुठलीतरी कला शिकावी लागते. क्युपर्टिनोतल्या बहुतेक घरांत मुलाच्या चार वर्षांचं एक स्प्रेडशीट असतं, तसं आमच्याही घरी होतं. त्यात 'कला' या रकान्यात आम्ही 'ड्रामा' असं भरलं होतं, कारण त्याला गृहपाठ कमी असतो असं ऐकलं होतं! वसंतात त्या वर्गाने शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' करायचं ठरवलं. मुलगे कमी, मुली जास्त, म्हणून आमच्या सोळा वर्षांच्या लेकीच्या वाट्याला आला एजियस.

एजियस म्हणजे हर्मियाचा बाप. नाटकाच्या सुरुवातीलाच तो अथेन्सच्या ड्यूककडे तक्रार घेऊन येतो. मुलीचं प्रेम लायसँडरवर, बापाने ठरवलाय डिमिट्रियस. एजियसचं म्हणणं सरळ आहे. मुलगी माझी आहे, तिचं काय करायचं ते मी ठरवणार. ऐकत नसेल तर अथेन्सच्या कायद्याप्रमाणे तिला मरणाची शिक्षा द्या. काम इतकं लहान की पहिल्या प्रवेशानंतर तो गायब होतो तो थेट चौथ्या अंकात उगवतो. लेकीचा थोडा हिरमोड झालेला दिसला. मला मात्र बरं वाटलं. काम लहान, पाठांतर कमी, केमिस्ट्रीला वेळ.

पण दुसऱ्याच आठवड्यात ती विचारू लागली, "बाबा, एजियस वाईट आहे का?"

"हेकट थेरडा आहे," मी म्हणालो.

"सर म्हणतात, तो वाईट आहे असं तुम्हांला वाटत असेल तर तुम्ही त्याचं काम करू शकणार नाही. तो कशाला घाबरतो ते शोधा."

आपल्या मराठी माणसाला शेक्सपिअर काही परका नाही. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं केलेलं भाषांतर 'विकारविलसित' या नावाने १८८३ साली प्रसिद्ध झालं. देवलांनी १८९० साली 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला. त्याच देवलांच्या १८९९ सालच्या 'शारदा' नाटकात एजियसचा एक मराठी भाऊबंद आहे. पैशासाठी पोटच्या पोरीला म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधू पाहणारा कांचनभट. मी लेकीला ही गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "पण एजियस कुठे पैसे घेतो? त्याला खरंच वाटतं की आपल्यालाच बरोबर कळतं."

मी गप्प बसलो. कांचनभटाला हसणं सोपं आहे. आपण कुणी मुलांवर पैसे घेत नाही, उलट फी भरतो, क्लासला सोडायला जातो, स्टीव्हन्स क्रीकवरच्या ट्रॅफिकमध्ये ताटकळतो. शिवाय आपलं काळीज हलतं ते दुसऱ्याच बापासाठी. १९७० साली शिरवाडकरांनी 'किंग लिअर'ची आठवण जागी ठेवून 'नटसम्राट' लिहिलं आणि मुलांना सगळं देऊन बसलेल्या गणपतराव बेलवलकरांसाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या रडत आलो. कांचनभट म्हणजे दुसरा कुणीतरी आणि बेलवलकर म्हणजे आपण, असा आपला सोयीचा हिशेब असतो. एजियस बसतो या दोघांच्या मध्ये. तो लोभी नाही आणि दुबळाही नाही. मुलीचं भलं कशात आहे याची त्याला खात्री आहे, आणि कायदा त्याच्या बाजूने आहे. खरं सांगायचं तर क्युपर्टिनोत असे पुष्कळ राहतात.

दरम्यान आमच्या घरात काहीतरी बदलत होतं. जी मुलगी स्वतःची पाण्याची बाटली रोज कुठेतरी विसरून येते, ती तालमीला पंधरा मिनिटं आधी पोचू लागली. टेबलावर बोटांनी ताल धरून ओळी म्हणू लागली. माझे जुने बूट घालून हॉलमध्ये येरझाऱ्या घालू लागली, कारण "बाबांचा पाय टाचेवर जोरात पडतो". केमिस्ट्रीत एकदा 'बी' आला. आम्ही हादरलो, ती हादरली नाही. आधी मला वाटलं, टाळ्यांची हौस असेल. पण तिचं वेड वेगळंच होतं. दुसऱ्याच्या आत शिरून, तिथून जग कसं दिसतं ते पाहण्याचं ते वेड होतं. आपल्याकडे याला फार जुना आणि नेमका शब्द आहे, परकायाप्रवेश.

आणि परकायाप्रवेश करायचा तर त्या कायेची चौकशी ओघानेच आली. एका रात्री तिने विचारलं, "बाबा, तू कॉलेजमध्ये नाटक करायचास ना? मग सोडलंस का?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. गेली तीस वर्षं मी ते देत आलो आहे. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना मी दोन वर्षं पुरुषोत्तम करंडकात काम केलं. महाराष्ट्रीय कलोपासकने १९६३ साली सुरू केलेली ही एकांकिका स्पर्धा म्हणजे आमचं पंढरपूर. भरत नाट्य मंदिरात "अरे, आवाज कुणाचा" ही आरोळी उठली की अंगावर अजून काटा येतो. पण वडील साधे कारकून, पाठीमागे बहीण लग्नाची. म्हणून घरासाठी सगळं सोडलं, नोकरी धरली, इथे आलो. ही गोष्ट मी पॉटलकला सांगितली आहे, मुलीला 'ए' कमी पडले तेव्हा सांगितली आहे, आणि आपल्या मंडळाच्या नाटकांच्या वेळी दारात तिकिटं फाडताना "तुम्ही का काम करत नाही?" असं विचारणाऱ्यांनाही सांगितली आहे.

लेकीने नुसतं एवढंच विचारलं, "आजोबांनी 'सोड' असं म्हटलं होतं?"

मी आठवून पाहिलं. आप्पा एकदाच प्रयोगाला आले होते. मागच्या रांगेत बसले होते. परत येताना स्कूटरवर मागून म्हणाले, "आवाज चांगला लागतो तुझा." मग थोड्या वेळाने म्हणाले, "सगळी सोंगं आणता येतात रे, पैशाचं सोंग आणता येत नाही." बस्स, एवढंच. 'सोड' असं ते म्हणाले नव्हते. मी त्यांना कधी विचारलंही नव्हतं. खरी गोष्ट अशी होती की मला भीती वाटत होती. दोन वर्षांत माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं काम करणारी मुलं मी पाहिली होती. आपण त्यांच्याइतके नसलो तर काय, हा प्रश्न मला पेलत नव्हता. कॅम्पस इंटरव्ह्यू आला आणि मला पळवाट मिळाली. आप्पांची म्हण मी त्या पळवाटेवर पाटीसारखी लावून टाकली.

हे मी तिला तसंच सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगत होतो. ती काही बोलली नाही. वहीतही काही लिहिलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कुणी म्हणेल, यात एवढं काय? घाबरून का होईना, नोकरी धरली, संसार झाला, बहिणीचं लग्नही झालं. खरं आहे, आणि नोकरी धरल्याचा मला पश्चात्तापही नाही. पण भीतीला त्याग म्हणण्यात एक मोठी खोट आहे. भीती ही माणसाची स्वतःची असते, ती त्याच्याबरोबर संपते. त्यागाचं मात्र बिल निघतं, आणि ते पुढच्या पिढीला पाठवलं जातं. "मी सोडलं, आता तूही सोड." नट रंगमंचावर सोंग घेतो ते प्रेक्षकाला ठाऊक असतं, म्हणून त्यात फसवणूक नसते. मी तीस वर्षं त्यागी माणसाचं सोंग वठवत होतो आणि ते सोंग आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. खोटं कोण करत होतं, ती की मी?

मग प्रश्न उरतो तो हक्काचा. मुलांच्या आयुष्याबद्दल ठरवण्याचा हक्क आईबापांना कशामुळे मिळतो? अनुभवामुळे, प्रेमामुळे, की पैसे आपण भरतो म्हणून? यातलं काहीच खोटं नाही. पण हे सगळं एजियसकडेही आहे, आणि तरी तो चुकतो. का चुकतो? माझ्या मते, त्याने एकदाही हर्मियाच्या जागी उभं राहून पाहिलेलं नसतं. तिची मागणी तेवढीच असते. उलट भर दरबारात तिलाच सांगितलं जातं की तू वडिलांच्या जागेवरून पाहा.

जगाची रीतच अशी आहे. समजून घेण्याचं ओझं नेहमी दुबळ्यावर पडतं. नोकराला मालकाचा स्वभाव पाठ असतो, सुनेला सासूचा. आपण इथे आलो तेव्हा साहेबाचे उच्चार, त्याचे विनोद, त्याचा फुटबॉल सगळं शिकलो. त्याने आपलं नावसुद्धा धड शिकून घेतलं नाही, याची खंत आपण अजून बोलून दाखवतो. पण घरी आल्यावर मुलांच्या बाबतीत तो साहेब आपणच असतो, हे लक्षात येत नाही. ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने आधी परकायाप्रवेश करायला हवा. माझ्या घरात तो सोळा वर्षांच्या मुलीने केला, माझे बूट घालून.

समजून घेणं म्हणजे मान्य करणं नव्हे, हेही तिनेच मला दाखवलं. "एजियसचं दुःख मला कळतं," ती म्हणाली, "पण हर्मियाचंच बरोबर आहे." वकील जसं वकीलपत्र घेतो तसं नट भूमिकेचं घेतो. बाजू जीव तोडून मांडायची. निकाल देणं त्याच्या हातात नसतं.

प्रयोगाच्या दिवशी आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. एजियस आला, ड्यूकला नमस्कार केला आणि बोलण्याआधी चष्मा काढला. बायकोने मला कोपर मारलं. मागच्या रांगेतले आमचे स्नेही खुसखुसले. पण पुढची वाक्यं जसजशी आली तसं हसू थांबलं. त्या आवाजात राग कमी होता आणि भीती जास्त होती. मुलगी हातातून निसटते आहे आणि तिला धरून ठेवायला कायद्याशिवाय आपल्याकडे काही नाही, हे कळलेल्या माणसाचा तो आवाज होता.

या नाटकाच्या जुन्या छापील प्रतींची एक गंमत आहे. १६०० सालच्या प्रतीत, ड्यूकने चौथ्या अंकात एजियसचं म्हणणं फेटाळल्यावर तो पुन्हा दिसतच नाही. मुलीच्या लग्नाच्या समारंभात बाप नाही. शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर १६२३ साली त्याच्या नाटकांचा जो मोठा संग्रह निघाला, त्यात मात्र पाचव्या अंकात एजियस हजर आहे. रात्रीच्या करमणुकीची यादी तो घेऊन येतो. विणकर, सुतार, शिंपी अशा कष्टकऱ्यांनी बसवलेलं नाटक बघण्यासारखं नाही असं तो ड्यूकला सांगतो, आणि तालीम पाहताना हसून हसून आपल्या डोळ्यांत पाणी आलं, हेही कबूल करतो. दिवसभर काम करून रात्री गॅरेजमध्ये तालमी करणाऱ्या आपल्या हौशी मंडळींना हे कष्टकरी ओळखीचे वाटतील.

सरांनी दोन्ही प्रती मुलांपुढे ठेवल्या होत्या. लेक दुसऱ्या प्रतीसाठी हटून बसली होती म्हणे. त्या प्रतीत ती यादी वाचून दाखवतो लायसँडर, नको असलेला जावई. एजियसने कागद पुढे केला. लायसँडरने धरला. क्षणभर दोघांचेही हात त्या कागदावर होते. मग एजियसने सोडला. संहितेत असं काही लिहिलेलं नाही. ते तिचं होतं. या वेळी चष्मा मी काढला, पुसायला.

आता तिला नाट्यशास्त्रच शिकायचं आहे. मी काही एका रात्रीत शहाणा झालेलो नाही. डॉ. श्रीराम लागूंनी १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, डॉक्टरकी सोडून पूर्ण वेळ नाटक धरलं, हे मी तिला ऐकवलंच. हेतू हा की आधी काहीतरी सोडण्याजोगं हातात असू दे. ती म्हणाली, "म्हणजे त्यांनाही शेवटी सोडावंच लागलं ना?" यावर अजून माझ्याकडे उत्तर नाही. इथली घरभाडी, नटांचं बेभरवशाचं उत्पन्न, सगळं तिच्यासमोर मांडलं. फक्त या वेळी, ही माझी भीती आहे, असं नाव घालून मांडलं.

नोव्हेंबरअखेरीस तिचे अर्ज गेले. स्प्रेडशीटमधल्या विषयाच्या रकान्यात तिने स्वतः 'थिएटर' भरलं आणि मी तो रकाना पुसला नाही. तिचं बरोबर ठरेल की चूक, मला माहीत नाही. आप्पांची म्हण खोटी नाही, हेही मला ठाऊक आहे. पण निकाल आपल्याविरुद्ध गेल्यावर लग्नाला जायचं की नाही, एवढं तरी बापाच्या हातात असतं.