राष्ट्राध्यक्षाचे दुसरे घर

फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा मितराँ १९८१ साली सत्तेवर आले, तेव्हा विवाहबाह्य संबंधातून झालेली त्यांची मुलगी मझारीन सहा वर्षांची होती. पॅरिसच्या अनेक पत्रकारांना हे ठाऊक होते, पण १९९४ पर्यंत तिचे छायाचित्र छापले गेले नाही. या मौनाचे मला कौतुकच वाटते. लहान मुलीने बापाच्या पदाची किंमत का मोजावी?

मायलेकी राहत ते घर सरकारी, पहाराही सरकारी. तेही एकवेळ सोडून देऊ; मुलगी औरस असो वा नसो, पहारा लागणारच. सोडून देता येत नाही ती पुढची गोष्ट. दहशतवादाशी लढण्यासाठी १९८२ साली राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत खास पथक नेमले गेले. जाँ-एदर्न आलिए हा लेखक हे गुपित फोडण्याची धमकी देऊ लागला, तेव्हा याच पथकाने त्याचे फोन चोरून ऐकले. पत्रकार, वकील यांचेही ऐकले. २००५ साली पॅरिसच्या न्यायालयाने अधिकाऱ्यांना दोषी ठरवले आणि या कारभारामागे खुद्द मितराँ होते, असे नमूद केले.

एका घराचा पडदा शाबूत राहावा म्हणून सरकारने कितीतरी घरांचे पडदे गुपचूप बाजूला सारले! खासगीपणाचा हक्क राष्ट्राध्यक्षालाही आहे, हे मान्य. पण तो राखायला त्याच्या हाती जे हत्यार असते, ते आलिएच्या हाती नव्हते, तुमच्या-माझ्याही नाही.

जानेवारी १९९६ मध्ये मितराँचे दफन झाले. पत्नी आणि मुलांबरोबर मझारीन आणि तिची आईही तिथे उभ्या होत्या. साऱ्या जगाने ते पाहिले. फ्रान्सचे काहीही बिघडले नाही.