मन नसतां केलेली प्रार्थना

मन लागत नसतां प्रार्थना करणें हा दंभ नव्हे काय, असा प्रश्न सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबांत पुष्कळदां निघतो. रात्रीं जेवणापूर्वीं सगळ्यांनीं एकत्र बसण्याचा परिपाठ असतो; थोरला मुलगा कॉलेजांत जाऊं लागला म्हणजे तो विचारतो कीं, जे शब्द या क्षणीं अंतःकरणांतून निघत नाहींत, ते तोंडानें म्हणणें हें खोटें बोलणेंच नव्हे काय? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला दटावून गप्प बसविणें हें कांहीं त्याचें उत्तर नव्हे. नामस्मरणाविषयीं असाच वाद आपल्याकडे फार दिवसांचा आहे. परंतु येथें ख्रिस्ती घरांतील साधनेपुरताच विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

दंभ म्हणजे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत ख्रिस्तानें ज्यांना ढोंगी म्हटलें, त्यांचें मन प्रार्थनेंत नव्हतें, असा त्यांच्यावर आरोप नाहीं. लोकांनीं पाहावें म्हणून ते सभास्थानांत व चवाठ्यावर उभे राहत, हा त्यांचा दोष. दंभाला प्रेक्षक लागतो. म्हणून उपायहि तसाच सांगितला आहे: आंत जाऊन दार लावून घ्यावें. येथें मूळ ग्रीक शब्द 'तामेइऑन' असा असून त्याचा एक अर्थ कोठीची खोली असा आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ज्यांना देवासाठीं निराळी जागा काढतां येत नाहीं, त्यांना यावरून धीर येण्यास हरकत नाहीं. पाहणारें कोणी नसतां जो कोरड्या मनानें बसला आहे, तो कंटाळलेला असेल. दांभिक खास नव्हे.

ही कोरड जुन्या साधकांच्या चांगली परिचयाची होती. इग्नेशियस लोयोलाच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला इ. स. १५४८ त पोपची मान्यता मिळाली. त्यांत तो म्हणतो कीं, मन प्रसन्न असतां ठरलेला तास सहज भरतो. पण तें उदास असेल, तर तासाहून थोडें अधिकच बसावें. हा सल्ला प्रथम विचित्र वाटतो. पण लहर आली म्हणजे बसावयाचें आणि गेली म्हणजे उठावयाचें, असें करणाऱ्याचा स्वामी त्याची लहरच होऊन बसते, हें त्या माजी शिपायानें ओळखलें होतें.

याच पुस्तकांतील आत्मपरीक्षणाची रीत घरीं आचरावयास फार सोपी आहे. निजण्यापूर्वीं दहा मिनिटें पुरतात. आरंभीं दिवसभर जें मिळालें त्याबद्दल आभार. मग आपले दोष दिसावे म्हणून प्रकाशाची याचना. मग उठल्यापासून तासातासाचा हिशेब. त्यानंतर क्षमा आणि सुधारण्याचा निश्चय. आभार आधीं व हिशेब मागाहून, हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. तो उलटला तर माणूस स्वतःवरच फिर्याद लावून बसतो. हिशेबांत मोठीं पापें शोधूं नयेत, तीं बहुधा सांपडत नाहींत. सकाळीं मोलकरणीशीं कोणत्या स्वरांत बोललों, पत्नी कांहीं सांगत असतां वर्तमानपत्रांतून मान वर केली कीं नाहीं, एवढें आठवलें तरी पुरे. मात्र येथें एक धोका आहे. आपला दिवस आठवूं जातां जाऊबाईंचा दिवस फारच स्पष्ट आठवूं लागतो!

सर्वांनाच ही शिस्त मानवते असें नाहीं. पॅरिस येथील कार्मेली मठांतील ब्रदर लॉरेन्स (मृत्यु इ. स. १६९१) याला पद्धतशीर ध्यान कधीं साधलें नाहीं. त्याच्याकडे स्वयंपाकघर आलें. त्या कामाचा त्याला मूळचा तिटकारा. तेथेंच, भांडींकुंडीं हाताळीत, ईश्वर जवळ आहे असें मानून त्याच्याशीं मनांत बोलत राहण्याचा त्यानें वर्षानुवर्षें अभ्यास केला. ज्या गृहिणीला दहा मिनिटेंहि स्वतःचीं मिळत नाहींत, तिला इग्नेशियसपेक्षां हा आचारी अधिक उपयोगी पडेल.

खरी जोखीम एकांतांत नसून कुटुंबाच्या प्रार्थनेंत आहे. कारण तेथें प्रेक्षक असतात. 'देवा, या घरांतील आळशांना सुबुद्धि दे,' असें वडील डोळे मिटून म्हणतात, तेव्हां अर्ज देवाच्या नांवें असला तरी समन्स मुलावर बजावलेलें असतें. त्यापेक्षां सर्वांनीं मिळून ठरीव, थोडके शब्द म्हणावे. एखादें स्तोत्र पाळीपाळीनें वाचावें.

अशा ठरीव शब्दांत प्रभूची प्रार्थना पहिली. ती दार लावून एकट्यानें म्हटली तरी तिच्यांतील सर्वनाम अनेकवचनीच राहतें. तिच्यांत क्षमेची मागणी आहे, आणि तिला मात्र अट जोडलेली आहे: आम्ही इतरांना केली तशी. मत्तयाच्या शुभवर्तमानांत प्रार्थना संपल्यावर ख्रिस्त याच एका मागणीवर पुन्हां बोलतो. येथें कॉलेजांतल्या मुलाचा आक्षेप आम्हांस मान्य आहे. मन कोरडें असणें निराळें, आणि क्षमा करावयाची नाहीं असें ठरवून ती केल्याचें देवाला सांगणें निराळें. घराच्या वांटणीवरून ज्यानें सख्ख्या भावाशीं बोलणें टाकलें आहे, तो हे शब्द रोज बिनचूक म्हणत असेल. त्याची जीभ एखाद्या रात्रीं तेथें अडखळली, तर आम्हांस आनंदच वाटेल. वेदीपाशीं देणगी तशीच ठेवून आधीं भावाशीं समेट कर, असें त्याच शुभवर्तमानांत एक अध्याय आधीं सांगितलेलें आहे. तेव्हां मध्येंच उठून तो भावाला पत्र लिहावयास बसला, तर त्यानें प्रार्थना अर्धी टाकली असें घरांतल्यांनीं समजूं नये.