शिकणाऱ्याची अस्वस्थता

ज्ञान मिळवताना भावना मदतीला येते, आड येते, की ती ज्ञानाचाच एक भाग असते, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. ऑनलाइन शिक्षणामुळे तो नव्याने ऐरणीवर आला. शिकवणारा एकीकडे, शिकणारा दुसरीकडे आणि मध्ये पडदा, अशा व्यवस्थेत माहिती बिनदिक्कत पोहोचते. तिच्याबरोबर आणखी काही पोहोचायला हवे का, हे ठरवायचे तर शिकण्यात भावना नेमके काय काम करते ते आधी पाहावे लागते.

भावनेकडे संशयाने पाहणारी परंपरा मोठी आहे. ग्रीक-रोमन स्टोइक विचारवंतांच्या मते भीती, हाव, क्रोध हे विकार म्हणजे मुळात चुकलेले निर्णयच. खऱ्या शहाण्या माणसात ते उरत नाहीत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञही सुखाने हुरळत नाही आणि दुःखाने खचत नाही. मात्र हे वर्णन ज्याला ऐकवले जाते, त्या अर्जुनाची अवस्था अगदी उलट आहे. त्याचे अंग कापते आहे, हातातले गांडीव सुटते आहे. गीता या विषादाला जवळजवळ एक अध्याय देते आणि मगच उपदेशाकडे वळते. स्थिर बुद्धी हे त्या उपदेशाचे फळ आहे, त्याची पूर्वअट नव्हे. युरोपात देकार्तने 1649 साली विकारांवर लिहिलेल्या ग्रंथात विस्मयाला पहिले स्थान दिले, कारण विस्मय वाटला नाही तर नवी गोष्ट मनात टिकतच नाही. अतिविस्मय माणसाला जागीच खिळवतो, असेही त्याने बजावले आहे.

या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायातल्या इंद्र आणि विरोचन यांच्या कथेत सापडतो. देवांकडून इंद्र आणि असुरांकडून विरोचन, असे दोघे हातात समिधा घेऊन प्रजापतीकडे येतात. दोघेही 32 वर्षे ब्रह्मचर्याने राहतात. मग प्रजापती त्यांना पाण्याने भरलेल्या पात्रात डोकावायला सांगतो, नंतर अंगावर वस्त्रे-अलंकार घालून पुन्हा पाहायला सांगतो, आणि दिसते आहे तोच आत्मा असे म्हणतो. दोघांचेही समाधान होते आणि दोघेही शांत मनाने निघून जातात. विरोचन असुरांना जाऊन सांगतो की शरीर हाच आत्मा. इंद्राला मात्र देवांपर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत भय वाटू लागते: शरीर नटले की प्रतिबिंब नटते, तर शरीर आंधळे झाले की प्रतिबिंबही आंधळे होणार, शरीर गेले की तेही जाणार. यात मला हिताचे काही दिसत नाही, असे म्हणून तो माघारी फिरतो. पुन्हा 32 वर्षे, पुन्हा एक उत्तर, पुन्हा वाटेत तीच बेचैनी; आणखी 32 वर्षे आणि शेवटी पाच. एकूण 101 वर्षांनी त्याला खरे उत्तर मिळते.

दोन्ही शिष्यांना गुरू एकच, वाक्य एकच, मुदतही एकच. विरोचनाच्या बुद्धीत काही कमी होते, असे कथा म्हणत नाही. फरक एवढाच की मिळालेले उत्तर इंद्राला टोचले. हे टोचणे ज्ञानाच्या बाहेरचे नाही. उत्तर अपुरे आहे हे इंद्राला आधी भय म्हणून कळते, त्याचे कारण नंतर शब्दांत येते. म्हणून भावनेला केवळ शिकण्याचा उत्साह किंवा प्रेरणा मानणे अपुरे पडते. आपल्याला कळलेले नाही, हे ज्या रूपात प्रथम कळते, ते रूप भावनेचे असते. विरोचनाचे समाधानही भावनाच आहे, आणि तीच त्याला घातक ठरली. प्रसन्न विद्यार्थी म्हणजे शिकणारा विद्यार्थी, हे समीकरण उपनिषदाला मान्य नाही.

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात हीच गोष्ट भूमितीच्या एका उदाहरणात पाहायला मिळते. दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायला सॉक्रेटिस एका अशिक्षित गुलाम मुलाला सांगतो. मुलगा बेधडक म्हणतो, बाजू दुप्पट करा. क्षेत्रफळ आठऐवजी सोळा येते. मग तो तीन फुटांची बाजू सुचवतो, तर नऊ येते. आता तो गोंधळतो आणि मला माहीत नाही असे कबूल करतो. सॉक्रेटिस मुलाचा मालक मेनो याला विचारतो, याला बधिर करून आपण याचे काही नुकसान केले का? उलट आता हा आनंदाने शोधायला लागेल. आणि खरोखरच, कर्णावर उभारलेल्या चौरसापर्यंत मुलगा पोहोचतो. इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. मुलगा दोनदा चुकतो, पण त्याला कोणी हसत नाही. त्याचा मालक शेजारी उभा असूनही त्याच्या गोंधळाची लाज होत नाही, कारण प्रश्न विचारणारा त्याच्याबरोबर आकृती पाहतो आहे. अस्वस्थतेची जिज्ञासा होणार की अपमान, हे समोरच्या माणसावर अवलंबून असते.

मेंदूविज्ञानाने या जुन्या निरीक्षणाला वेगळ्या बाजूने पुष्टी दिली आहे. आंतोनियो दमासिओ यांनी ‘देकार्तची चूक’ या अर्थाच्या नावाच्या 1994 सालच्या ग्रंथात काही रुग्णांचे वर्णन केले. कपाळामागच्या मेंदूच्या विशिष्ट भागाला इजा झालेल्या या माणसांची बुद्धी, स्मृती आणि भाषा शाबूत होती, पण भावना बोथट झाल्या होत्या. नुकसान होत असतानाही ते तोच चुकीचा पर्याय पुन्हा निवडत राहत. काय चुकते आहे ते सांगता येऊनही वागण्यात बदल होत नसे. मेरी हेलन इमॉर्डिनो-यांग आणि दमासिओ यांनी 2007 साली यावरून शिक्षणाबाबत निष्कर्ष काढला: भावनेशिवाय शाळेत मिळालेले ज्ञान प्रत्यक्ष जगण्यात उतरत नाही. अर्थात मेंदूतल्या इजेचे निरीक्षण आणि निरोगी मुलाचा वर्ग यांत अंतर आहे. तरीही विचार एका बाजूला आणि भावना दुसऱ्या बाजूला अशी विभागणी या संशोधनानंतर टिकवणे अवघड झाले.

ऑनलाइन शिक्षणावर याच मुद्द्यावरून सर्वांत सखोल टीका बर्कलीचे तत्त्वज्ञ ह्युबर्ट ड्रायफस यांनी 2001 साली ‘ऑन द इंटरनेट’ या पुस्तकात केली. कौशल्य नवशिक्यापासून निष्णातापर्यंत टप्प्याटप्प्याने वाढते, असे त्यांचे मत होते. सुरुवातीचे टप्पे नियमांवर चालतात आणि नियम दुरूनही शिकवता येतात. पण एक टप्पा असा येतो की नियम पुरत नाहीत आणि शिकणाऱ्याला स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घ्यावा लागतो. तो फसला तर मनाला लागते, जमला तर आनंद होतो. ज्याला हे लागत नाही, तो तिथेच थांबतो. पॅट्रिशिया बेनर यांनी परिचारिकांवर केलेल्या अभ्यासाचा ते आधार घेतात: रुग्णाच्या बऱ्यावाईटात मन न गुंतवणाऱ्या परिचारिका निष्णात होत नाहीत. पडद्यामागे सुरक्षित बसलेल्या विद्यार्थ्याला असा धोका पत्करावाच लागत नाही, असा ड्रायफस यांचा आक्षेप होता. पुढे त्यांचीच व्याख्याने पॉडकास्टमधून जगभर ऐकली गेली. पण ती विद्यार्थ्यांनी भरलेल्या वर्गात ध्वनिमुद्रित झालेली होती. ऐकणारा दूर असला तरी बोलणारा कोणासमोर तरी विचार करत होता.

धोका म्हणजे काय, ते एका साध्या गणितात दिसते. एका मुलाने एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश अशी केली. अॅपवर लाल खूण येते आणि पुन्हा प्रयत्न करा अशी सूचना. मूल आकडे बदलत राहते, कधीतरी हिरवी खूण येते आणि पुढचे उदाहरण उघडते. मुलाला लाल-हिरव्याचे भान आले, अपूर्णांकाचे नाही. जाणती शिक्षिका उत्तर चूक असे म्हणतच नाही. ती विचारते, “अर्ध्यात आणखी काही मिळवले, मग उत्तर अर्ध्याहून कमी कसे झाले?” मूल थबकते, वहीकडे पाहते. ते क्षणभराचे थबकणे म्हणजे इंद्राचे वाटेतून परतणे. हाच प्रश्न अॅपमध्येही घालता येईल, आणि चांगल्या अॅपमध्ये तो घालायलाच हवा. पण मूल थबकले की कंटाळले, हे ओळखून पुढचे वाक्य उच्चारायचे की गप्प राहायचे, हे ठरवणारा कोणीतरी लागतो.

दुरून शिकण्याचे आपल्याकडचे एक जुने उदाहरण महाभारताच्या आदिपर्वातले आहे. द्रोणांनी नाकारलेला एकलव्य अरण्यात त्यांची मातीची मूर्ती करतो आणि तिच्यापुढे धनुर्विद्या साधतो. श्रद्धेला अंतर अडवत नाही, हे यातून दिसते. विद्या त्याला खरोखर येते. पण ही श्रद्धा एकतर्फी होती. मूर्तीने त्याची काळजी वाहिली नाही आणि प्रत्यक्ष भेटलेल्या गुरूने त्याचा अंगठा मागितला. या कथेचे गुरुभक्तीचा आदर्श म्हणून गोडवे गाणे अन्यायाचे आहे. शिकणाऱ्याने सारे मन ओतावे आणि शिकवणाऱ्याचे काहीच पणाला लागू नये, अशी रचना एकलव्याला असुरक्षित ठेवते. हजारो विद्यार्थ्यांना एकच ध्वनिचित्रफीत दाखवून मोकळ्या होणाऱ्या अभ्यासक्रमांची रचनाही अशीच असते.

ध्वनिमुद्रणातून शिकवणे मात्र याच कारणाने त्याज्य ठरत नाही. सत्यनारायण गोएंका यांनी 1976 साली इगतपुरीत धम्मगिरी हे विपश्यना केंद्र उभारले. 2013 साली त्यांचे निधन झाले, तरी दहा दिवसांच्या शिबिरांत आजही त्यांच्याच आवाजातल्या सूचना आणि संध्याकाळची ध्वनिचित्रित प्रवचने चालतात. म्हणजे मुख्य शिक्षक पडद्यावरच आहे. पण साधक एका सभागृहात एकत्र बसतात, मौन पाळतात, आणि अडचण आली की सहायक आचार्यांना भेटू शकतात. बसून बसून पाय दुखतो, मन उठून जायला सांगते, आणि शेजारचे दहा जण हललेले नसतात. नवशिक्याला ही साधना निवासी शिबिरातच दिली जाते. 1989 साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठानेही टपालाने पुस्तके धाडून काम संपले असे मानले नाही; गावोगावची अभ्यासकेंद्रे हा त्याच्या रचनेचा कणा राहिला. पडदा हा खरा अडथळा नाही. पलीकडून उत्तर येणार आहे की नाही, हा प्रश्न आहे.

कॅनडातील गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी 2000 साली ऑनलाइन शिक्षणासाठी मांडलेल्या चौकटीत आशयाशी भिडण्याइतकेच महत्त्व एकमेकांच्या आणि शिक्षकाच्या उपस्थितीला दिले होते. पुढच्या दोन दशकांत ऑनलाइन शिक्षणाच्या उद्योगाने उलटी वाट धरली. एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या अभ्यासक्रमांचे 2019 साली प्रसिद्ध झालेले विश्लेषण सांगते की नाव नोंदवणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांनी अभ्यासक्रम उघडलाच नाही, आणि 2017-18 मध्ये तो पूर्ण करणारे सुमारे 3 टक्के होते. वेळ, पैसा, निव्वळ कुतूहलाने केलेली नोंदणी अशी याची अनेक कारणे आहेत. पण आपण सोडून गेलो तर कोणाच्या लक्षातही येणार नाही, ही जाणीवही त्यांत असावी. 2020 च्या टाळेबंदीत 190 हून अधिक देशांतली शाळा-महाविद्यालये बंद झाली, तेव्हा ती जाणीव घराघरात पोहोचली. म्यूट केलेला माइक, बंद कॅमेरा, नावाच्या आद्याक्षराचा चौकोन. मूल हजेरीपटावर होते, वर्गात नव्हते.

यावर तंत्रज्ञानाने सुचवलेला एक उपाय म्हणजे कॅमेऱ्याने विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरून त्याची भावना ओळखणे. युरोपीय संघाच्या 2024 सालच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने शिक्षणसंस्थांत अशा वापराला, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणे वगळता, बंदी घातली, आणि ती फेब्रुवारी 2025 पासून लागू झाली. ही बंदी योग्य आहे, आणि तिचे कारण केवळ खासगीपणाचे नाही. इंद्राने आपले भय स्वतः येऊन सांगितले. प्रजापतीने त्याला विचारले, तू तर शांत मनाने गेला होतास, मग परत का आलास? गुलाम मुलाने मला माहीत नाही असे स्वतःच्या तोंडाने म्हटले. अस्वस्थता शिकवते ती शिकणारा तिला स्वतःची म्हणून उचलतो आणि कोणापुढे तरी मांडतो तेव्हा. त्याच्या नकळत मोजलेली अस्वस्थता त्याच्या शिकण्यात भर घालत नाही. ती दुसऱ्याच्या नोंदवहीत जाते, आणि पाहिले जात असल्याची भीती तेवढी त्याच्याकडे उरते. ऑनलाइन वर्गाला लागणारी सुधारणा त्यापेक्षा जुन्या पद्धतीची आणि अधिक खर्चिक आहे: वर्ग लहान ठेवणे, आणि चुकलेल्या उत्तरावर माणसाने माणसाला उलट प्रश्न विचारण्याइतका वेळ शिक्षकाला देणे.