एकाने बोलून काय होतं?



आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय 3, श्लोक 21

भगवंत इथे सांगतात की श्रेष्ठ माणूस जसा वागतो, तसेच बाकीचे वागतात. वाचून आपल्याला वाटतं, हे नेत्यांसाठी, महाराजांसाठी. आपण कुठे श्रेष्ठ?

आता लग्नाच्या याद्यांची बैठक आठवा. आमचं फैजपूर असो की तुमचं पुणे, चित्र तेच. "आम्हाला काही नको, पण तुमच्या मुलीला हौसेने द्याल ते..." असं कुणीतरी म्हणतं आणि यादी वाढत जाते. बऱ्याच जणांना मनातून पटत नसतं. पण प्रत्येक जण दुसऱ्याचं गप्प बसणं बघून समजतो, याला चालतंय वाटतं. आणि त्याचं स्वतःचं गप्प बसणं शेजारच्याला तेच सांगत असतं. खोलीत दुष्ट कुणी नाही, तरी मुलीचा बाप कर्ज काढतो.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1951 मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग मांडला. दाखवलेल्या रेघेएवढी दुसरी रेघ कोणती, एवढाच प्रश्न. गटातले बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे. खरं उत्तर डोळ्यांसमोर असूनही सुमारे तीन-चतुर्थांश लोक एकदा तरी गटामागे गेले. पण खरं बोलणारा एकच सोबती गटात असला, की हे प्रमाण खूप खाली यायचं. तो सोबती कुणी थोर नव्हता. तो फक्त बोलला होता.

आपल्या खानदेशात हा श्लोक जगलेला माणूस म्हणजे साने गुरुजी. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती गुरुजींनी लिहून घेतली. 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं, त्यासाठी ते राबले. मग पंढरपूर. संतांनी समता गायली, पण विठ्ठलाच्या मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता. "रीतच आहे" म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सगळे गप्प. गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना जागं केलं आणि मे 1947 मध्ये पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केलं. मंदिर खुलं झालं.

कुणी विचारेल, लोकांनी बघावं म्हणून चांगलं वागणं हा दिखावाच नाही का? प्रश्न बरोबर आहे. याच अध्यायात सहाव्या श्लोकात भगवंत ढोंगावर बोट ठेवतात. पण 22व्या श्लोकात ते स्वतःबद्दलही सांगतात: मला मिळवायचं काहीच उरलेलं नाही, तरी मी कर्म करतोच. मला वाटतं, कसोटी इथेच आहे. माझ्यामागे एकही माणूस आला नाही, तरी मी हेच करीन का? उत्तर "हो" असेल, तर तो दिखावा नाही.

आणि खरं सांगू, आपण न बोलताही शिकवतच असतो. कोपऱ्यात बसलेला धाकटा भाऊ याद्यांची रीत आपल्या गप्प बसण्यातूनच शिकतो. त्याच्यासाठी श्रेष्ठ आपणच.

आजचा संकल्प: पुढच्या बैठकीत आवाज न चढवता एकच वाक्य बोलायचं. "काका, हे यादीत नको."

जय हरी! 🌼